आपटा: शिलंगणाच्या झाडाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरात्र बसलं की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात आपट्याची चौकशी सुरू होते. घट उठला, शिलंगण म्हणजे दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की ती संपते आणि झाड पुन्हा वर्षभर माळावर एकटं उभं राहतं. इथले प्रश्न बहुतेक याच भागातून आलेले आहेत. हल्याळ-जोयडा आणि भालकी-बसवकल्याणकडच्या मराठी मंडळींनाही ते लागू पडतील. पाऊस आणि माती तेवढी आपापली बघून घ्यावी.

बाजारात जुडी घेतली, त्यातला पाला आपट्याचाच काय ओ?

बऱ्याचदा नसतो. आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या विकल्या जातात. दोघांचं पान मधे चिरलेलं, दोन भागांचं असतं, म्हणून घाईत फसगत होते. पान हातात घेऊन नीट बघा.

आपट्याचं पान लहान असतं, साधारण दोन ते पाच सेंटिमीटर. लांबीपेक्षा रुंदी थोडी जास्त. हाताला जाड, चिवट, चामड्यासारखं लागतं आणि पाठ करड्या रंगाची, बारीक लवेची असते. वरची चीर फार खोल जात नाही, दोन्ही पाळ्या गोल. कांचनाचं पान त्याच्या दुपटीहून मोठं, मऊ, आणि रुंदीपेक्षा लांब असतं. एक पान बघून ठरवू नका. कोवळ्या फुटव्यावरची पानं आकाराने फसवतात. चार-पाच पानं आणि पाठीचा रंग, एवढं बघितलं तर चूक होत नाही.

फूल आणि शेंग दिसली तर वादच मिटला. आपट्याची फुलं पांढुरकी-पिवळसर, इवलीशी, तुऱ्यात लागतात. साधारण मार्च ते जूनच्या दरम्यान येतात आणि झाडाखालून जाणाऱ्याला दिसतही नाहीत. कांचनाचं फूल तळहाताएवढं. जांभळट कांचन पावसाळा संपता संपता फुलतो, म्हणजे दसऱ्याच्या आसपास ज्या दोन-चिरी पानांच्या झाडाला मोठी गुलाबी-जांभळी फुलं आहेत ते आपटा नव्हेच. शेंगेचं म्हणाल तर कांचनाची शेंग वाळली की तडकून बिया लांब उडवते. आपट्याची शेंग काळपट, वाकडी, वीतभर लांब असते. ती आपणहून उघडत नाही, महिनोन् महिने फांदीला लटकून राहते. उन्हाळ्यात पानं गळालेल्या झाडावर तशा काळ्या शेंगांचा झुबका दिसला की ते झाड लक्षात ठेवा, दसऱ्याला शोधाशोध नको.

कांचन दिला तर काय बिघडलं? भावना महत्त्वाची ना?

भावना महत्त्वाची, मान्य. पण कांचनाच्या हौसेने लावलेल्या झाडाची बरोबर फुलायच्या वेळी कत्तल होते हे कुणाच्या भावनेत बसतं? कॉलनीतल्या, शाळेच्या आवारातल्या, रस्त्याकडेच्या कांचनाला दसऱ्याच्या आदल्या रात्री कोयता लागतो आणि कळ्यांसकट फांद्या रस्त्यावर येतात. देवाणघेवाण म्हणून कांचनाचं एक पान दिलं तर काही बिघडत नाही. आपटा समजून जुडीला पैसे मोजले तर मात्र फसलात.

आम्ही आपट्याचं सोनं देतो, आमचे कन्नड शेजारी बन्नी देतात. खरं सोनं कुठलं?

दोन्ही. बन्नी म्हणजे शमी, आपल्या जुन्या लोकांची सौंदड. धर्मशास्त्रातही विजयादशमीला शमीपूजन सांगितलं आहे आणि शमी नसेल तर आपटा चालतो असा रिवाज आहे. आपट्याला संस्कृतात अश्मंतक म्हणतात. पूजेच्या वेळी गुरुजी 'अश्मंतक महावृक्ष महादोषनिवारण' म्हणतात ते त्याच्यासाठीच. शमीचा मान पांडवांमुळे. अज्ञातवासाला विराटनगरीत शिरण्याआधी त्यांनी शस्त्रं शमीच्या झाडावर लपवली ही कथा महाभारतात, विराटपर्वात आहे.

आपल्या भागात दोन्ही रीती एकाच गल्लीत नांदतात. एका दारात 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा' आणि पुढच्या दारात 'बन्नी तगोंडु बंगारदंग इरोणु', म्हणजे बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू. गावाबाहेर बन्नीच्या कट्ट्यावर पालखी टेकते, तिथे शमीची पूजा होते आणि परतताना हातात आपट्याची पानं असतात, असंही सर्रास दिसतं. कोण कुणाचं बघून शिकलं याचा निवाडा करत बसण्यात मला रस नाही. निसर्गाने मात्र एक गंमत केली आहे: आपटा आणि शमी दोन्ही एकाच शेंगावर्गीय कुळातले. चिंच, बहावा, पळस, पांगारा, करंज, गुलमोहर हे सगळे त्यांचे भाऊबंद.

ओळखायला दोघं अगदी वेगळे. शमीला काटे असतात, पानं बाभळीसारखी बारीक-बारीक. आपट्याला काटा नाही. आणखी एक सावधगिरी: शमी म्हणून वेड्या बाभळीची, म्हणजे इकडे ज्याला बळ्ळारी जाली म्हणतात त्याची फांदी कुणी देत असेल तर घेऊ नका. ते परदेशातून आलेलं झाड आहे, पूजेशी त्याचा काही संबंध नाही.

कौत्साच्या गोष्टीत आपट्यावर सोन्याचा पाऊस पडला म्हणतात. हे कुठे लिहिलंय?

गोष्ट थोडक्यात अशी. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणा काय देऊ म्हणून हट्टाला पेटला. गुरू वैतागले आणि चौदा विद्यांचे चौदा कोटी आण म्हणाले. कौत्स रघुराजाकडे गेला, तर राजा नुकताच विश्वजित यज्ञ करून सगळं दान देऊन मोकळा झालेला. याचक रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून रघू कुबेरावर चाल करून जायला निघाला, आणि त्याच रात्री कुबेराने सोनं पाडलं.

कालिदासाच्या रघुवंशात पाचव्या सर्गात ही कथा आहे. पण तिथे सोनं पडतं ते राजाच्या कोषागारात. आपट्याचा उल्लेख त्यात नाही. झाडाखाली पडलेला ढीग, कौत्साने हिशेबापुरतंच उचललं आणि उरलेलं लोकांनी लुटलं, हा भाग आपल्या लोककथेचा. मला तो जास्त आवडतो. सोनं 'लुटायची' रीत त्यातून नीट समजते. कालिदासानेही एक गोष्ट सुरेख सांगितली आहे: राजा सगळं देऊ बघतो, कौत्स दक्षिणेपेक्षा जास्त घ्यायला तयार नाही, आणि साकेतचे, म्हणजे अयोध्येचे लोक दोघांचंही कौतुक करतात.

पानं तोडल्याने झाड मरतं का? दरवर्षी पेपरात येतं.

पानं तोडल्याने मरत नाही. आपटा काटक आहे. तोडलं तर बुंध्यातून फुटतो, मुळांतूनही फुटवे काढतो, वणव्यानंतरही पुन्हा पालवतो. शिवाय तो पानगळीचा वृक्ष. उन्हाळ्याच्या तोंडाला त्याची पानं तशीही झडणारच असतात. मोठ्या झाडाची शे-दोनशे पानं गेली तर त्याला पत्ताही लागत नाही.

नुकसान वेगळ्या ठिकाणी होतं आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. आपटा उन्हाळ्यात फुलतो, शेंगा पावसाळाभर पोसतात आणि हिवाळ्यात पिकतात. म्हणजे दसऱ्याला फांदीवर शेंगा असतात, पण हिरव्या. बी तयार झालेलं नसतं. आपण फांदी तोडली की पानांबरोबर त्या वर्षाचं बी गेलं. एका वर्षी असं झालं तर हरकत नाही. पण गावाजवळच्या, सहज हात पोचणाऱ्या झाडांच्या वाट्याला हे दर वर्षी येतं. झाड जिवंत दिसतं, पालवतंही, पण त्याखाली एकही पिल्लू उगवत नाही. म्हणून म्हातारं झाड पडलं की त्या माळावरून आपटा संपतो. रानात तो भरपूर आहे. तो दुर्मीळ होतोय तो आपल्या गावांच्या शिवारात.

दुसरं नुकसान ओरबाडण्याचं. फांदी हाताने खाली ओढून मोडली की साल खोडापर्यंत सोलली जाते. त्या जखमेत पाणी मुरतं, बुरशी आणि कीड शिरते. कोवळ्या, मनगटाएवढ्या झाडाला एवढं पुरतं.

मग किती तोडावं आणि कसं?

माणशी एक पान. देवापुढे एक डहाळी. कात्रीने किंवा धारदार विळ्याने, पेराच्या जरा वर. शेंगा असलेली फांदी सोडा. पुरुषभर उंचीपेक्षा लहान झाडाला हातच लावू नका.

ढीगभर पाला घरी आणून दुसऱ्या दिवशी उंबऱ्याबाहेर टाकायची सवय अलीकडची आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत वडीलधाऱ्यांच्या हातावर एक पान ठेवून पाया पडायचं, ते पान पुस्तकात किंवा देव्हाऱ्यात जपलं जायचं. सोनेरी कागदाची पानं मिळतात तीही घेऊन बघा म्हणणारे आहेत. मला ती प्लॅस्टिकची चकाकी नकोशी वाटते, पण झाड ओरबाडण्यापेक्षा बरी.

जांबोटी-कणकुंबीच्या रानातून आणली तर?

खानापूर तालुक्यात भीमगड वन्यजीव अभयारण्य आहे, 2011 मध्ये जाहीर झालेलं. अभयारण्यातून पाला, फांदी, बी काहीही काढणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरतो. राखीव जंगलातही परवानगीशिवाय तोडता येत नाही. गाडीच्या डिकीत फांद्या भरून आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आपल्या किंवा ओळखीच्या माणसाच्या बांधावरची, विचारून घेतलेली पानं सगळ्यात चांगली.

रोप कुठे मिळेल?

वनखात्याच्या रोपवाटिकेत पावसाळ्याआधी चौकशी करा. खाजगी नर्सरीत जाताना आपट्याचं एक खरं पान, नाहीतर वाळलेली शेंग, खिशात न्या आणि तेच दाखवून मागा. नुसतं नाव सांगितलं तर कांचन हातात पडायची शक्यता मोठी, कारण फुलांसाठी त्यालाच मागणी असते.

घरीच बियांपासून तयार करता येईल का?

येईल, आणि तेच करा. फार कौशल्य लागत नाही, थोडा धीर लागतो.

संक्रांतीच्या सुमारास, नाहीतर त्यानंतर शिमग्यापर्यंत झाडावरच्या काळ्या, कडक वाळलेल्या शेंगा काढा. खाली पडलेल्या घेतल्या तरी चालतात, पण बारीक भोकं असलेल्या बाजूला टाका, त्यांत भुंगा बसलेला असतो. शेंग आपणहून उघडत नसल्यामुळे दोन दिवस उन्हात तापवून काठीने बडवावी लागते. एका शेंगेत साधारण दहा ते वीस बिया निघतात.

बीची साल फार टणक असते. तशीच पेरली तर काही बिया उगवतात, काही वर्षभर मातीत पडून राहतात. म्हणून पाणी उकळून चुलीवरून उतरवा, जरा वाफ जाऊ द्या, त्यात बिया टाका आणि रात्रभर तशाच राहू द्या. पाणी उकळत असताना बिया टाकायच्या नाहीत. सकाळी फुगलेल्या बिया लगेच पेरा. न फुगलेल्यांना पुन्हा एकदा तेच करा.

पिशवीत दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल. मार्च-एप्रिलमध्ये पेरलं तर उगवण साधारण एक ते तीन आठवड्यांत दिसते. पिशवी अर्धवट सावलीत ठेवा, पाणी रोज पण बेताने. पहिल्या वर्षी रोप वीत-दोन वीतच वाढतं, त्याने घाबरू नका. ते आधी मूळ खाली सोडतं. मुळी पिशवीतून बाहेर पडायच्या आत रोप जमिनीत गेलं पाहिजे, तुटलेलं सोटमूळ त्याला मानवत नाही.

लावायचं कधी आणि कुठल्या मातीत?

मृगाचा पाऊस नीट लागला की. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा उन्हाळ्यातच काढून तापू द्यावा.

आपटा मूळचा कोरड्या, पानगळीच्या रानातला. गोकाक, हुक्केरी, सौंदत्तीकडच्या खडकाळ टेकड्यांवर तो आपल्या मुलखात असल्यासारखा वाढतो. निपाणी-चिकोडीच्या काळ्या रानातही चालतो, फक्त पाणी साचणारी खोलगट जागा नको. अथणी-रायबागच्या कमी पावसात पहिले दोन उन्हाळे पाणी घालावं लागेल, मग तो तुमच्याकडे काही मागत नाही. खानापूरच्या लाल मातीत हरकत नाही, पण भाताच्या खाचरात लावू नका. चिखलात मुळं कुजतात. तिकडे माळाची चढण किंवा खाचराच्या वरचा उंच बांध निवडा. कणकुंबीसारख्या धो-धो पावसाच्या घाटमाथ्यावर त्याची हौस करण्यापेक्षा तिथली झाडं लावलेली बरी.

शेळ्या मात्र सांभाळा. आपट्याचा पाला जनावरं आवडीने खातात. काटेरी फांद्यांचं कुंपण तीन वर्षं तरी हवंच.

सोनं द्यायला पानं कधी मिळतील?

चार-पाच वर्षं तरी हात लावू नका. वाढ हळू आहे. पूर्ण वाढलं तरी झाड सहसा पाच ते आठ मीटरचंच, खोड वाकडंतिकडं, फांद्या खाली झुकलेल्या. देखणेपणाच्या स्पर्धेत गुलमोहरापुढे हरेल. पण विजेच्या तारांखाली, देवळाच्या आवारात, शाळेच्या कुंपणाला अशा ठिकाणी हीच उंची सोयीची.

शेंगावर्गीय आहे म्हणजे जमिनीला नत्र देतो?

नाही. हा गैरसमज कृषी मेळाव्यांतसुद्धा ऐकू येतो. शेंगावर्गीय कुळातल्या सगळ्याच झाडांच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी येतात असं नाही. आपटा, कांचन यांच्या गटात त्या येत नाहीत. शमीच्या मुळांवर येतात, हरभरा-तुरीच्या येतात, गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) येतात. नत्रासाठी बांधावर काही लावायचं असेल तर गिरिपुष्प लावा. आपट्याचा पालापाचोळा कुजून जो फायदा होईल तेवढाच.

उसाच्या बांधावर लावला तर सावलीचा त्रास?

किरकोळ. शेत उत्तरेला आणि झाड दक्षिणेच्या बांधावर असेल तर हिवाळ्यात थोडी सावली पडते. खालच्या फांद्या छाटत राहा, त्याच पाल्याची वैरण होते. उसाचा पाला पेटवताना मात्र लहान झाडाभोवतीचा पाचोळा आधी बाजूला ओढा. अनेक बांधांवरची झाडं याच आगीत जातात.

फ्लॅटमध्ये कुंडीत होईल का?

होईल, मोठी कुंडी आणि गच्चीवरचं भरपूर ऊन असेल तर. छाटणी सोसतो म्हणून आटोपशीर ठेवता येतो. संध्याकाळी पानं मधल्या शिरेवर मिटतात ते मुलांना दाखवायला चांगलं. फुलं-शेंगांची अपेक्षा ठेवू नका.

औषधी आहे म्हणतात, मूतखड्यावर काढा घ्यावा का?

आयुर्वेदात अश्मंतकाचा उल्लेख आहे, साल तुरट असते आणि जुन्या वैद्यांच्या वापरात होती. पण स्वतःच साल काढून काढा उकळू नका. खडा केवढा, कुठे अडकलाय हे तपासल्याशिवाय घरगुती उपचारात वेळ घालवला तर किडनीवर बेततं. शिवाय साल काढणाऱ्यांनी खोडाला गोल वेढा घालून ती सोलली की झाड उभ्याउभ्या वाळतं. कांचनार गुग्गुळ या नावाने मिळतं ते औषध कांचनाच्या सालीचं, आपट्याचं नव्हे.

आपट्याच्या पानांच्या विड्या करायचे हे खरं का?

खरं. विडीचं मुख्य पान टेंभुर्णीचं, म्हणजे तेंदूचं. ते मिळत नाही तिथे आपट्याचं पान वापरलं गेलं आहे. चिवट असल्यामुळे वळताना फाटत नाही. निपाणीसारख्या तंबाखूच्या गावात विड्या वळण्यावर कितीतरी बायकांचे संसार चालले, त्या जुन्या माणसांना विचारलंत तर पानांच्या जातींबद्दल माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. आपट्याच्या अंतरसालीचा वाख काढून दोरही वळत. आता नायलॉन आल्यावर ते कोण करतंय!

घराला अडचण होणारं जुनं झाड तोडायचं आहे. स्वतःच्या जागेतलं आहे, तरी परवानगी लागते?

कर्नाटकात 1976 चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे, त्यामुळे खाजगी जागेतलं झाड तोडण्याआधीही वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. निलगिरी, सुरू अशा काहींना सूट आहे. आपट्याबाबत आधी वनखात्यात विचारून मगच कुऱ्हाड काढा. पण बहुतेक वेळा तोडायची गरजच पडत नाही. झुकलेली फांदी उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पानं झडलेली असताना छाटली की काम होतं. छाटताना शेंगा काढून ठेवा, वर सांगितल्याप्रमाणे रोपं होतील.

सणानंतर जमलेल्या पानांचं काय करायचं?

आपट्याची असोत की कांचनाची, शेळीला घाला. शेळी नसेल तर खताच्या खड्ड्यात. पान जाड असल्याने कुजायला वेळ लागतो, थोडं तुडवून शेणकाल्यात बुडवून टाकलं तर लवकर कुजतं. सोनेरी रंग मारलेली किंवा कागदी पानं मात्र त्यात मिसळू नका. आणि बेळगावचा कपिलेश्वर तलाव असो की गावची विहीर, निर्माल्य म्हणून पाण्यात सोडू नका.